लक्ष्मी रोडची खरेदी, दोन मुलं आणि गुडघेदुखीवाल्या साबा (सासूबाई) : एक शनिवार कसा निभवायचा?

मंजिरी_नाशिक
नमस्कार मंडळी. धाकट्या दिराचं लग्न माघात आहे. नवरीचा शालू आणि मानपानाच्या साड्या घ्यायला डिसेंबरातल्या एका शनिवारी पुण्याला यायचंय. नाशकात सगळं मिळतं हे मलाही माहीत आहे, पण साबांचा हट्ट आहे की शालू लक्ष्मी रोडलाच घ्यायचा. त्यांचा स्वतःचा तिथूनच घेतलेला. उतरणार कोथरूडला मावशीकडे.

सोबत : मुलगी (वय ९, वाचनाचं वेड, तिखट अजिबात चालत नाही), मुलगा (वय ४, कशाचंही वेड नाही, फक्त पळायचं), साबा (गुडघे, जिने नकोत) आणि नवरा (दुकानात शिरल्यावर दहाव्या मिनिटाला जांभया).

प्रश्न असे : मुलांना आणि साबांना चालेल असं जेवण-खाण जवळपास कुठे? खरेदी चालू असताना मुलांना कुठे न्यायचं? गाडी कुठे लावायची? मी शेवटची लक्ष्मी रोडला आले तेव्हा कॉलेजात होते आणि दिवसभर पाणीपुरीवर काढला होता. आता तसं करून चालणार नाही.

हिंजवडीकर
सरळ एखाद्या मॉलमध्ये जा. एसी आहे, लिफ्ट आहे, फूडकोर्ट आहे, मुलांना उड्या मारायला जागा आहे, पार्किंग आहे. साड्यांची मोठी दुकानंही आता तिकडे आहेत. पेठेत चार वर्षांचं मूल घेऊन शनिवारी जाणं म्हणजे स्वतःहून पायावर धोंडा.

पेठेतला
आला का मॉल पहिल्याच प्रतिसादात! बाईंनी लक्ष्मी रोडचं विचारलंय.

मंजिरीताई, गाडी आणूच नका. कोथरूडला उतरताय तर मेट्रोने या. वनाज किंवा नळ स्टॉपला बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायची, मग कसबा पेठ आणि पुढचं स्थानक मंडई. हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ला सुरू झाला आणि आमच्या पेठांचं नशीब पालटलं. स्थानकातून वर आलात की मंडईच समोर. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, साबांच्या गुडघ्यांना त्रास नाही.

गाडी आणायचीच असेल तर मंडईजवळ मिनर्व्हा, आर्यन, बाबू गेनू आणि नारायण पेठेच्या बाजूला हमालवाडा, हे वाहनतळ आहेत. शनिवारी सकाळी अकरानंतर जागा मिळाली तर माझ्याकडून चहा.

सुमेधा_के
पेठेतला यांना अनुमोदन, आणि एक भर. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. माझ्या जुळ्यांना तिथले एकामागून एक सरकते जिने इतके आवडले की आम्ही अर्धा तास नुसते वर-खाली केलं. तो अर्धा तास फुकट गेला असं समजू नका. त्यानंतर दोघं दोन तास शहाण्यासारखी वागली.

आता महत्त्वाचं, जे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते : शू. मुलं घेऊन पेठेत फिरताना खाण्याचा प्रश्न नसतोच, खाणं दर दहा पावलांवर आहे. प्रश्न शूचा असतो. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानात (नाव घेत नाही) चाळीस मिनिटं साड्या बघितल्या, तीन घेतल्या, बिल केलं आणि लेकाला जायचंय म्हटल्यावर 'ते स्टाफसाठीच आहे मॅडम' असं उत्तर मिळालं. तेव्हापासून माझा नियम : आत शिरल्याबरोबर, पहिली साडी उलगडायच्या आधी विचारायचं. नाही म्हणाले तर पुढचं दुकान. शालूच्या गिऱ्हाइकाला बहुधा नाही म्हणत नाहीत. मेट्रो स्थानकात स्वच्छतागृह आहे, उतरल्याबरोबर सगळ्यांना नेऊन आणा. जेवायला बसाल तिथे पुन्हा. मधलं अंतर याच हिशेबाने आखा, बाकीचं आपोआप बसतं.

अरबट_चरबट
शूवर इतका गंभीर प्रतिसाद पहिल्यांदाच वाचला. पण शंभर टक्के खरं आहे.

माझं खातं खाण्याचं. तिखट न चालणारी ९ वर्षांची मुलगी असेल तर लोक तुम्हाला घाबरवतील की पुण्यात मिसळ सोडून काही नाही. खोटं आहे.

१) पूना गेस्ट हाऊस, लक्ष्मी रोडवरच. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली सुरू केलेलं. नाटक-सिनेमावाल्यांचा राबता असायचा. थालीपीठ, साबुदाणा वडा, मराठी जेवण. साबांना घरच्यासारखं वाटेल.
२) जनसेवा, हेही लक्ष्मी रोडवर. लस्सी, पियुष, खरवस. चार वर्षांच्या मुलाला खरवस द्या आणि गंमत बघा. आमच्याकडच्याने 'दुधाचं पनीर गोड कसं?' असं विचारलं होतं.
३) मिसळ खायचीच असेल तर तुळशीबागेतलं श्रीकृष्ण किंवा नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर. बेडेकरांकडे तिखटाचं प्रमाण सांगता येतं आणि मुळात चव आंबट-गोडाकडे झुकणारी, त्यामुळे मुलंही पाव बुडवून खातात. तिथे पाव म्हणजे स्लाइस ब्रेड येतो, त्यावरून वाद घालू नका. धाग्याची वाट लागेल.
४) दुपारी चार वाजता सगळ्यांचा पारा चढला की सुजाता, निंबाळकर तालमीपाशी. मस्तानी. एका ग्लासात दोन मुलं निवांत.

हिंजवडीकर
मुंजाबाच्या बोळापर्यंत साबांना चालवणार? त्या गर्दीतून? गुडघ्यांचं लिहिलंय वर त्यांनी.

अरबट_चरबट
मुद्दा बरोबर आहे, मागे घेतो. बेडेकर कटाप. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने एकट्याने जावं.

बोहारीण
थांबा थांबा, तुळशीबागेबद्दल कोणीच काही बोललं नाही, आणि मुलांसाठी या सगळ्या परिसरात तुळशीबागेइतकी भारी जागा दुसरी नाही!

मंजिरी, तुझ्या लेकीला भातुकली घे. प्लास्टिकची नाही, पितळेची. तुळशीबागेत राम मंदिराच्या अंगाला पितळी-तांब्याच्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथे विचार. चूल, शेगडी, बंब, जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, किसणी, झारा, घंगाळ, कळशी. सगळं बोटभर. पूर्ण संच घेऊ नकोस, सुटं सुटं घे, आणि लेकीला निवडू दे. माझ्या पुतणीला दहा वस्तू निवडायची मुभा दिली, तिने पाऊण तास लावला. पाऊण तास! तेवढ्यात माझे ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड सगळं झालं.

घेताना दोन गोष्टी बघायच्या. जातं खरंच फिरतं का, आणि बंबाची तोटी फिरते का. काही वस्तू नुसत्या शोभेच्या असतात, तोटी डाग देऊन चिकटवलेली असते. मुलांना एका मिनिटात कळतं आणि मग ती वस्तू कपाटात.

आज्जी६८
बोहारीण, किती छान आठवण करून दिलीस. माझ्या भातुकलीतला बंब अजून आहे माझ्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा आईने ट्रंकेत घालून दिला होता.

मंजिरी, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची, म्हणून त्यांच्या बाजूने सांगते. आम्हाला फिरायला आवडतं, पण आम्हाला दर अर्ध्या तासाने टेकायला लागतं आणि तोंडाने ते सांगवत नाही. पेठेत बाक नाहीत. साडीच्या दुकानात गादीवर बसवतात, खाली बसलं की उठताना हाल. आधीच खुर्ची मागून घे. तुळशीबागेत राम मंदिराचं आवार आहे, बाहेर कितीही गलका असला तरी आत शिरल्यावर एकदम शांत वाटतं. सभामंडपात बसायचं. त्यांना तिथे बसव आणि मुलाला त्यांच्यापाशी ठेव. आवारात थोडंफार पळू दे, कोणी रागावत नाही. मी तर खरेदीपेक्षा तिथेच जास्त वेळ बसते.

भटक्या_जीव
त्या आवाराबद्दल थोडं : ते मंदिर पेशव्यांचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी बांधायला घेतलं, काम सुरू झालं १७६१ साली. म्हणजे पानिपताचं वर्ष. पुण्यावर सुतकी कळा असताना कोणीतरी मंदिराचा पाया घेत होतं, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. जागेवर तुळशीची बाग होती म्हणून तुळशीबाग, आणि खिरे पुढे तुळशीबागवाले झाले. टिकल्या, क्लिपा आणि चाळण्या नंतर आल्या.

मंडईही मुलांना नक्की दाखवा. १८८६ साली उघडली, मधोमध अष्टकोनी मनोरा. सुरुवातीला गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. गंमत अशी की या इमारतीवर पैसे खर्च करायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर घालवा म्हणत होते. आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं ते महात्मा फुल्यांचंच. ९ वर्षांच्या वाचणाऱ्या मुलीला ही गोष्ट सांगितली तर ती घरी जाऊन इतरांना सांगेल. आतल्या भाजीवाल्यांच्या चढत्या ओट्यांच्या रांगा हा एक वेगळाच देखावा आहे. माणूस वर, भाजी खाली.

पेठेतला
मंडईतला शारदा गजाननही दाखवा. झोपाळ्यावर शारदेबरोबर बसलेला गणपती. लहान मुलांना झोपाळ्यावरचा बाप्पा फार आवडतो.

सुमेधा_के
आमच्या एकीने विचारलं होतं, 'बाप्पाला झोका कोण देतं?' उत्तर अजून शोधतोय.

चिंचगुळ
नवऱ्याला काम लावा ना! तो दुकानात जांभया देणारच असेल तर दोन्ही मुलं त्याच्या गळ्यात घालून केळकर संग्रहालयात पाठवा. बाजीराव रोडच्या आत, शुक्रवार पेठेत नातूबागेत. लक्ष्मी रोडवरून चालत जाता येतं.

मी आधी मुलांना घेऊन जायला घाबरत होते. संग्रहालय म्हणजे 'हात लावू नको' दोनशे वेळा. पण हे वेगळं आहे. राजे-महाराजे, तलवारी थोड्या. घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, वज्री, पेट्या, वाद्यं, कोरलेले दरवाजे, बाहुल्या. वीस हजारांच्या वर वस्तू, हे सगळं एका माणसाने जमवलं : डॉ. दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय. १९७५ साली त्यांनी ते सरकारच्या स्वाधीन केलं. कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही आत आहे.

चार वर्षांच्या मुलासाठी खेळ : दिव्यांवर आणि अडकित्त्यांवर प्राणी-पक्षी शोधायचे. मोर किती, हत्ती किती, घोडे किती. आमचा एकोणचाळीस मोरांवर थांबला, कारण त्याला चाळीसच्या पुढे येत नव्हतं आणि त्याला एक राखून ठेवायचा होता. फक्त जिने आहेत, म्हणून साबांना नको.

हिंजवडीकर
बरं, संग्रहालयाचा मुद्दा पटला. असं काही मॉलमध्ये नाही. पण एक प्रामाणिक प्रश्न : फूटपाथ कुठे आहे? पाच वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा हात धरून गेलो होतो तिथे. दुचाक्या अंगावरून जात होत्या. मी मॉल म्हणतो तो काही हौस म्हणून नाही. मला मुलाचा हात सोडता यायला हवा.

पेठेतला
या एका बाबतीत मी गप्प बसतो. फूटपाथ आहे, पण त्यावर दुकान आहे, दुकानासमोर दुचाकी आहे आणि दुचाकीवर एक काका बसलेले आहेत.

दोन_चाकी
महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद असतो. रस्त्यावर मुलांचे खेळ, संगीत, बसायला बाक. मी दोनदा गेलोय. लक्ष्मी रोडच्या मधोमध उभं राहून वर बघितलं तर जुन्या इमारतींचे लाकडी सज्जे दिसतात, जे आयुष्यात कधी दिसले नव्हते, कारण नजर कायम खाली, खड्ड्यांवर नाहीतर मागून येणाऱ्या हॉर्नवर. मंजिरीताई, तुमचं डिसेंबरातच आहे तर तारीख जुळवून बघा.

मंजिरी_नाशिक
बाप रे, किती प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता साबांनाही वाचून दाखवलं. आज्जी६८ यांच्या 'तोंडाने सांगवत नाही' या वाक्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त चष्मा पुसला. म्हणजे मला जे कळायचं ते कळलं.

११ डिसेंबर जमत नाही हो, नवऱ्याला सुट्टी नाही. शनिवारच धरलाय. मेट्रो पक्की. संग्रहालय नवऱ्याच्या गळ्यात पक्कं.

अजून एक : लेकीला पुस्तकं घ्यायची आहेत. अप्पा बळवंत चौक साबांना झेपेल का? आणि मुलाला संध्याकाळी पळायला कुठे सोडू?

भटक्या_जीव
अप्पा बळवंत चौक साबांना नको, लेकीला हवाच. दोन तुकड्या करा. मुलीला सांगा की तिथे पुस्तकाचं नाव नुसतं ओरडून सांगितलं तरी दुकानदार न बघता हात घालून काढून देतो. तिला ती जादू वाटेल. निम्मी गर्दी शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची असते, पण मराठी बालसाहित्य भरपूर मिळतं.

मुलाला पळायला : सारसबाग. तळ्यातला गणपती, हिरवळ, बाहेर पावभाजी-भेळेच्या गाड्या. मंडईतून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं, वाहतुकीवर अवलंबून. शेजारी पेशवे पार्क, तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी ८ एप्रिल १९५६ला सुरू झाली. मी बसलो, माझा बाप बसला. त्या दिवशी चालू आहे का ते आधी विचारून घ्या, मुलाला गाडीचं सांगून नेलं आणि गाडी उभी असली तर पुढचे दोन तास तुमचे.

तांबट_आळी_फॅन
मुलांना वस्तू बनताना बघायला आवडत असेल तर कसबा पेठेतली तांबट आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके घालत घंगाळं, हंडे घडवतात. आवाज इतका की चार वर्षांचं मूल पहिली पाच मिनिटं कान झाकतं आणि मग ठेका धरून नाचायला लागतं. कसबा पेठ मेट्रोला उतरलात तर तिकडून सोपं. भातुकली घ्यायच्या आधी हे दाखवलं तर पितळ-तांब्याच्या वस्तू कशा होतात ते कळेल. काम चालू असतं, म्हणून बाजूला उभं राहायचं, मध्ये मध्ये नाही.

अरबट_चरबट
अवांतर : सारसबागेच्या आधी पुष्करणी भेळ, बाजीराव रोड. नुसती कोरडी, तिखट चटणी न घालता, मुलीसाठी वेगळी बांधून घ्या. चितळ्यांचं दुकानही तिथेच, बाकरवडी न घेता परत गेलात तर नाशिककर तुम्हाला वेशीवर अडवतील. आणि कृपया, दुपारी एक ते चारवर कोणी विनोद करू नका. तीस वर्षं तोच ऐकतोय.

चिंचगुळ
जेवायची वेळ चुकली तर? टिळक रोडचं बादशाही कसं? मुलांसोबत जायला?

पेठेतला
बादशाही एकदम मस्त, पण शनिवारी दुपारी नाव लिहून बसायचं. भुकेलेलं चार वर्षांचं मूल आणि लांबलचक यादी, हे जमणार नाही. साबा आणि तुम्ही दोघं, मुलं मावशीकडे, असं असेल तेव्हा जा. सामिष हवं असेल तर सदाशिव पेठेत आवारे खाणावळ आहे, मात्र रस्सा तिखट. लेकीचं लक्षात घ्या.

बोहारीण
आणि मंजिरी, घासाघीस. तुळशीबागेत लेकीसमोर घासाघीस कर, लाजू नकोस. तिला शिकू दे. पण भातुकलीवाल्याकडे फार नको, पितळ वजनावर असतं, तो कमी करून करून किती करणार. क्लिपा, टिकल्या, पिशव्यांवर मन भरून कर.

आज्जी६८
आणि सगळ्यांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाल. मुलांच्या, सासूबाईंच्या, नवऱ्याच्याही.

मंजिरी_नाशिक
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत.

मेट्रोने निघालो. सिव्हिल कोर्टला सुमेधाने सांगितलं तसंच झालं, मुलगा तीन वेळा वर-खाली. साबा पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर पाऊल टाकायला घाबरल्या, लिफ्टने गेल्या. दुसऱ्या वेळी परतताना नातवाचा हात धरून जिन्यावर चढल्या आणि वर पोचल्यावर इकडेतिकडे बघितलं, कोणी बघितलं का म्हणून. मंडई स्थानकात आधी सगळ्यांची शू. (सुमेधा, तुझा फोटो फ्रेम करून लावणार आहे.)

मग तुकड्या. नवरा आणि मुलं संग्रहालयात. मी आणि साबा शालूला. दुकानात शिरताच विचारलं, आहे म्हणाले, आणि साबांना खुर्चीही दिली. शालू मिळायला दोन तास लागले. साबांनी पहिला उलगडला तोच शेवटी घेतला, मधले सव्वीस उगीच. दर दुसऱ्या साडीला म्हणायच्या, 'आमच्या वेळी याच रंगाचा होता, पण काठ वेगळा.' त्या माणसाने न कंटाळता ऐकून घेतलं.

नवऱ्याचा अहवाल : मोर एकसष्ट. चिंचगुळ, तुमच्या मुलाचा विक्रम मोडला, पण आमच्याकडे दोघांनी मिळून मोजले, त्यामुळे बरोबरी समजा. नवऱ्याला स्वतःला अडकित्ते इतके आवडले की तो दुसरी फेरी मारायची म्हणत होता. मुलीला ते 'अज्ञातवासी' नाव फार आवडलं. आता वहीवर तेच लिहिते, खरं नाव नाही.

जेवण पूना गेस्ट हाऊसमध्ये. लेकीने थालीपीठ लोण्यासोबत, लेकाने फक्त लोणी. साबांनी साबुदाणा वडा मागवला आणि तो संपल्यावर सांगितलं की आज एकादशी नाही. मग खरवस.

तुळशीबाग. गर्दी म्हणजे गर्दी. हिंजवडीकरांची आठवण झाली, मुलाचा हात एक क्षण सोडता आला नाही आणि एका वळणावर त्याचा डावा बूट कुठे गेला ते देवालाच ठाऊक. बूट सापडला नाही. तिथेच एक जोडी घेतली, निळी, दिवे लागणारी, लेकाच्या मते बूट हरवणं ही दिवसातली सगळ्यात चांगली घटना. राम मंदिरात साबा अर्धा तास बसल्या. आम्ही भातुकलीकडे.

लेकीने आठ वस्तू निवडल्या : चूल, कढई, झारा, पोळपाट-लाटणं, किसणी, कळशी, जातं आणि उखळ. जातं फिरतं. पन्नास मिनिटं लागली. बंब तिने हातात घेऊन दोनदा परत ठेवला, मोठा वाटला.

आम्ही मंदिरात परत आलो, तिने सगळं साबांच्या पदरात ओतून दाखवलं. साबांनी एकेक वस्तू बघितली. मग म्हणाल्या, 'बंब नाही घेतलास?' आणि उठल्या. हात न धरता. दुकानापर्यंत चालत गेल्या आणि पितळेचा बंब घेतला. पैसे स्वतःच्या बटव्यातून दिले. लेकीला वाटलं तिच्यासाठी. तिने हात पुढे केला तर म्हणाल्या, 'हा माझा आहे. तुला खेळायला देईन.' त्यांचा माहेरी राहिला होता. माहेरचं घर विकलं तेव्हा कुठे गेला कोणालाच माहीत नाही. मला लग्नाला बारा वर्षं झाली, हे कधी बोलल्या नव्हत्या.

सारसबाग झाली नाही, सगळे दमले होते. अप्पा बळवंत चौक मात्र नवरा-लेक जाऊन आले. तिने पुस्तकाचं नाव ओरडून सांगितलं. जादू झाली म्हणते.

आज्जी६८
मंजिरी, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

हिंजवडीकर
बुटाबद्दल वाईट वाटलं, पण माझा मुद्दा सिद्ध झाला एवढंच नोंदवतो. बाकी बंबाचं वाचून काही बोलायला जागा राहिली नाही. पुढच्या वेळी मीही मेट्रोने येतो, मोर मोजायला.

दोन_चाकी
दिवे लागणारे निळे बूट कुठे मिळाले? पुतण्यासाठी विचारतोय.

बोहारीण
सगळं ठीक, पण बंबाची तोटी फिरते का ते बघितलंत ना घेताना?

मंजिरी_नाशिक
फिरते! परवापासून आजी आणि नातू दोघं मिळून ओट्यावर पाणी सांडतायत. घरात आंघोळीचं पाणी गीझरचं आहे, पण लेकाच्या प्लास्टिकच्या हत्तीची आंघोळ बंबातल्या पाण्याने चालली आहे, आणि साबा म्हणतायत की खाली कोळसा घातल्याशिवाय ते खरं नाही.